अन्नपेढीचे साहाय्य कसे मिळवावे?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत फीनिक्स शहरी राहतो. यजमानांची नोकरी सुटली आहे. अन्नपेढीकडे जावे काय? संकोच वाटतो.

उत्तर : भगिनी, संकोच प्रथम दूर सारावा, कारण आपल्याच शहरी १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या सद्गृहस्थांनी ‘सेंट मेरीज’ ही जगातील पहिली अन्नपेढी स्थापिली, ती दुकानांच्या टाकाऊ मालात मुलांसाठी अन्न धुंडाळणाऱ्या एका मातेच्या बोलण्यावरूनच. प्रादेशिक अन्नपेढी ही मूलतः वखार होय. दुकानदार, शेतकरी आणि सरकार यांजकडून आलेला शिधा ती चर्चे, शाळा व सेवाभावी मंडळे यांच्या वाटपकेंद्रांना पोचविते, म्हणून आपला संबंध बहुधा घराजवळच्या केंद्राशीच येईल. ते शोधण्यास पेढीच्या दफ्तरी अथवा २११ या क्रमांकावर दूरध्वनी करून आपला झिपकोड सांगावा, आणि वाटपाचे वार, वेळा व लागणारे दाखले निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत. शाकाहारी असल्यास तसे निःसंकोच सांगावे. सरकारी अन्नसाहाय्याच्या ‘स्नॅप’ योजनेचा अर्ज भरण्यासही अनेक पेढ्या साहाय्य करतात. मात्र त्या योजनेस वास्तव्याच्या परवान्याच्या कडक अटी आहेत, तेव्हा व्हिसावर असाल तर अर्जापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.