मोटारसायकलला ऑइल कोणते घालावे?



ऊस, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी या पानावर नेहमी माहिती येते. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. रानात जायला, डेअरीला दूध घालायला, गट कार्यालयात नोंद करायला, रात्री-अपरात्री पाण्याच्या पाळीला, सगळीकडे आपल्याला मोटारसायकल लागते. बैलांना वेळेवर पेंड-पाणी करणारा माणूससुद्धा या गाडीच्या ऑइलकडे मात्र वर्ष-वर्ष बघत नाही. बघितलेच, तर घरात जो डबा उरला असेल तो ओतून मोकळा होतो. "ऑइल ते ऑइल, काय फरक पडतोय?" असे आपण म्हणतो. फरक पडतो, आणि तो मी स्वतःच्या खिशातून भरला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन गळीत हंगाम होता. माझ्या चुलतभावाने नवी चारचाकी घेतली होती. तिच्या सर्व्हिसिंगनंतर डब्यात लिटरभर ऑइल उरले. तो म्हणाला, "दादा, फेकायचं कशाला? तुझ्या गाडीत घाल. असलं भारी ऑइल तिनं जन्मात बघितलं नसंल." ऑइल खरोखरच भारी होते. पूर्ण सिंथेटिक, किमतीला माझ्या नेहमीच्या ऑइलच्या दुप्पट. मी घातले. पहिले तीन-चार दिवस गिअर लोण्यासारखे पडत होते. आठवड्याने कालव्याचा चढ चढताना, पाठीमागे स्लिप बॉय बसलेला असताना, अ‍ॅक्सिलेटर पिळला तर इंजिन नुसते ओरडू लागले. गाडी जागची हलेना. मेस्त्री म्हणाला, "साहेब, इंजिनाला काही झालेलं नाही. तुम्ही क्लचला लोणी लावलंय."

ऑइल बदलून पाहिले, तरी भागले नाही. क्लच प्लेटा गुळगुळीत होऊन गेल्या होत्या, त्या नव्या घालाव्या लागल्या. पण खर्चापेक्षा एक गोष्ट मनाला लागली. गाडी बंद होती त्या दिवसांत एका सभासदाच्या प्लॉटची ब्रिक्स पाहणी राहिली आणि त्यांची तोड चार दिवस मागे पडली. तोडीसाठी पाणी तोडलेला ऊस तेवढे दिवस उभा वाळला. चूक माझी होती आणि वजनातली घट त्यांची झाली. म्हणून हा लेख.

जुनी सवय कोठून आली?

आपल्यातील वडीलधाऱ्या सभासदांनी राजदूत, येझदी या गाड्या चालविल्या आहेत. त्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचे आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचे. गिअर बॉक्सचे ऑइल वेगळे असे. त्यामुळे इंजिनाचे ऑइल काढून नवे भरायचे, ही गोष्ट अंगवळणी पडलीच नाही. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि फोर-स्ट्रोक गाड्या खेडोपाडी पसरल्या. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल जळून जात नाही. ते तेच तेच फिरत राहते, मळते आणि हळूहळू निकामी होते. गाडी बदलली, पण सवय जुनीच राहिली.

एका ऑइलवर तीन बोजे

ऑइल घर्षण कमी करते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याशिवाय ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, काजळी आणि कचरा आपल्यात धरून ठेवते, पिस्टन रिंगांची फट झाकते आणि आतील भागांना गंज चढू देत नाही.

चारचाकीत इंजिनाला एक ऑइल आणि गिअर बॉक्सला दुसरे ऑइल असते. तिच्या नेहमीच्या क्लचला ऑइलचा स्पर्शही नसतो. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. तेही शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर! इंजिन आणि गिअर यांना निसरडेपणा हवा असतो. क्लचच्या प्लेटांना मात्र एकमेकींना घट्ट धरायचे असते. चारचाकीच्या काही ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी रसायने घातलेली असतात. ती इंजिनाला मानवतात, पण ओल्या क्लचची पकड सोडवितात. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले.

डब्यावरच्या तीन खुणा

खताच्या पोत्यावरचे आकडे आपण वाचतो आणि १०:२६:२६ कशाला व युरिया कशाला हे जाणतो. ऑइलच्या डब्यावरही तीन खुणा असतात. त्या इंग्रजी अक्षरांत असतात, पण एकदा समजल्या की कोणालाही ओळखता येतात.

पहिली खूण घट्टपणाची. उदाहरणार्थ, १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. गुऱ्हाळावरची काकवी आठवा. थंडीत पहाटे ती डब्यातून पडता पडत नाही आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी वाहते. ऑइलचेही तसेच आहे. यातील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा, नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. तो जितका मोठा, तितके तापलेले ऑइल घट्ट. आधीचा आकडा जितका लहान, तितके थंडीत ऑइल लवकर हलते.

येथे कोणी विचारील, की आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग थंडीचा आकडा कशाला बघायचा? रात्रभर उभ्या गाडीचे ऑइल खाली उतरलेले असते. सकाळी किक मारल्यावर ते वरच्या भागापर्यंत पोचेतो इंजिन जवळजवळ कोरडे चालते, आणि झीज त्याच वेळी जास्त होते. ज्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक आहेत, त्याला कंपनीने पातळ ऑइल विचार करूनच सांगितलेले असते. हिरोच्या शंभर सीसी गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगतात, तर रॉयल एन्फिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. "आपल्याकडं ऊन लई, घट्टच घाला," हा सल्ला सरसकट मानू नये. जुनी गाडी ऑइल पिते म्हणून काही जण घट्ट ऑइल घालतात. त्याने काही दिवस धूर कमी दिसेल, पण झिजलेल्या रिंगा काही भरून येणार नाहीत.

दुसरी खूण दर्जाची. ए.पी.आय. या अमेरिकन संस्थेची ही अक्षरे होत. 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेल इंजिनासाठी. एसएल हा दर्जा २००१ साली आला, एसएम २००४, एसएन २०१० आणि एसपी २०२० साली. म्हणजे दुसरे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. पुस्तकात एसएल लिहिले असेल तर एसएन चालते. मात्र ही अक्षरे क्लचविषयी काही सांगत नाहीत.

तिसरी खूण क्लचची, आणि मोटारसायकलवाल्याने हीच आधी शोधावी. जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलसाठी 'जासो' हे मानक ठरविण्यात आले. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असेल, तर ते ऑइल ओल्या क्लचसाठी तपासलेले असते. 'एमबी' असेल, तर ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. तिच्यात क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर डबे अदलाबदल होऊ देऊ नयेत. एमबीचे ऑइल मोटारसायकलमध्ये कधीही घालू नये.

ट्रॅक्टरचे ऑइल चालते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, कारण ट्रॅक्टरचा डबा घरात असतोच. ट्रॅक्टरच्या ऑइलचा दर्जा वाईट नसतो. पण ते डिझेलची काजळी सांभाळण्यासाठी आणि मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी बनविलेले असते. मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाते. त्या डब्यावर जासो एमए आणि आपल्या गाडीचा घट्टपणा लिहिलेला नसेल, तर आपल्या क्लचची हमी कोणीच दिलेली नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे ऑइल तर विचारातही घेऊ नये.

सिंथेटिक की साधे?

साधे म्हणजे मिनरल ऑइल स्वस्त असते. सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकते, म्हणून महाग असते. पुस्तकाने जे मागितले ते साधे असेल, तर साधे ऑइल वेळेवर बदलणे केव्हाही बरे. महाग ऑइल घालून दोन वर्षे विसरून जाणे, हा तोट्याचा धंदा आहे.

केव्हा बदलावे? पातळी कशी पाहावी?

मुदत प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुष्कळ गाड्यांना ती ३ ते ६ हजार कि.मी.च्या दरम्यान असते, काहींना त्याहून जास्त. नव्या गाडीचे पहिले ऑइल मात्र पहिल्या सर्व्हिसिंगलाच बदलावे, कारण त्यात नव्या भागांचा किस उतरलेला असतो. आपली गाडी धुळीच्या रस्त्याने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे खताचे पोते किंवा दुधाचे कॅन घेऊन चालते. तिला वारा कमी लागतो आणि ती जास्त तापते. अशा गाडीचे ऑइल मुदतीच्या थोडे आधीच बदलावे. एअर फिल्टरही साफ ठेवावा, नाहीतर रस्त्याची धूळ ऑइलमध्ये उतरते. किलोमीटरचा काटा बंद असेल (आणि निम्म्या गाड्यांचा तो बंदच असतो!) तर कारखान्याच्या दिनदर्शिकेवर तारीख लिहून ठेवावी.

पातळी पंधरा दिवसांतून एकदा पाहावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. मग मोजपट्टी काढून पुसावी आणि परत बुडवून पाहावी. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरविता नुसती टेकवायची असते, ते पुस्तकात पाहून घ्यावे. काही गाड्यांना पट्टीऐवजी काच असते. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावे. जास्त भरल्यानेही नुकसान होते. फेस होतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येते.

ऑइल काळे झाले म्हणजे लगेच खराब झाले असे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि धातूची चमक दिसली तर मेस्त्रीला दाखवावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठची कितीतरी वाहने पाण्यात गेली. पुरातून काढलेल्या गाडीला उत्साहाने किक मारू नये. आधी ऑइल काढावे, आतले पाणी काढावे आणि मगच पुढचे पाहावे. एरवीही ऑइल बदलताना इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊ नये. ते आत राहते आणि नवे ऑइल पातळ करते.

खरेदी आणि जुने ऑइल

सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा पावतीसह घ्यावा, सील आपल्यासमोर फोडावे. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाकावे, म्हणजे त्यात भेसळीचे ऑइल भरून ते पुन्हा आपल्याच माथी मारले जाणार नाही. काढलेले ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तेच पाणी आपण आणि आपली जनावरे पितो. ते वारंवार हाताला लागणेही चांगले नव्हे. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचे पिंप असते, त्यात द्यावे.

उजळणी

१) गाडीच्या पुस्तकात लिहिलेला घट्टपणाच घ्यावा.
२) 'एस' अक्षराचा दर्जा पुस्तकाइतका किंवा त्याहून नवा असावा.
३) मोटारसायकलला 'जासो एमए' किंवा 'एमए२', गिअर नसलेल्या स्कूटरला 'एमबी'.
४) पंधरा दिवसांनी पातळी पाहावी आणि मुदतीत ऑइल बदलावे.
५) डबा महाग आहे किंवा घरात उरला आहे, एवढ्यावरून ऑइल निवडू नये.

पुस्तक हरवले असेल तर गाडीचा नमुना आणि साल सांगून कंपनीच्या सर्व्हिसिंग केंद्रात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. माझ्या चुलतभावाकडे या वर्षीही लिटरभर ऑइल उरले होते. या खेपेला मी त्याला एवढेच म्हणालो, "बाबा, झाकण घट्ट लाव आणि तुझ्याच गाडीला ठेव."