गिलानसेवा : विनयातील एक पाठ आणि त्याचा अभ्यास

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असता, अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. विचारता त्याने सांगितले की, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी माझी शुश्रूषा करीत नाही. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्खूंना जमवून भगवंतांनी समजाविले की, घर सोडून आलेल्या तुम्हांला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर ती कोण करणार?

वसतिगृहात वाढलेल्या आपणा सर्वांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तापाने फणफणलेल्या लहान मुलाच्या कपाळावर रात्री ओल्या कापडाची घडी ठेवणारा वरच्या वर्गातला मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल.

त्याच प्रकरणात उत्तम शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे कळावे. सेवेमागे मैत्रीभाव असावा, लाभाची इच्छा नसावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची किळस नसावी. आणि वेळोवेळी धम्माचे बोलून आजाऱ्याच्या मनाला उभारी देता यावी. औशाची ही शाळा सोडून आम्ही काही जण लातूरला महाविद्यालयीन शिक्षणासाठी गेलो. तेथे दर रविवारी आजारी मुलांच्या कुटुंबांना मदत करू लागलो, तेव्हा या पाच गुणांचा अर्थ आम्हांला नव्याने शिकावा लागला.

पहिला गुण औषधाचा. औषध देणे हे डॉक्टरांचे व परिचारिकांचे काम. ते आमचे नव्हे. परंतु औषधापर्यंत पोहोचण्याची वाट आईबापांना ठाऊक नसते. केसपेपर कोठे काढावा, रक्ताचा अहवाल कोणत्या खिडकीवर मिळतो, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला कोठे भेटावे, कर्करुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात मिळणाऱ्या सवलतीसाठी कोणता दाखला लागतो, हे सांगणे म्हणजेच आमच्यापुरते औषध तयार करणे होते.

दुसरा गुण आम्हांला एका कुटुंबाने शिकविला. औसा तालुक्यातील एका ऊसतोड कामगाराच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार सुरू झाले. पहिल्या महिन्यानंतर ताप गेला आणि मूल हसू-खेळू लागले. मुलांमध्ये अधिक आढळणाऱ्या या प्रकारच्या कर्करोगाचे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. मूल बरे दिसू लागले तरी ते अर्धवट सोडले तर रोग उलटतो. हे डॉक्टरांनी सांगितले होते व वडिलांना ते कळलेही होते. तरी गावी आलेले वडील मुंबईला परत जायचे नाव घेईनात.

त्यांना उपदेश करण्याऐवजी आमच्यातील एकाने विचारले, "दादा, अडचण नेमकी कशाची आहे?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मुकादमाची उचल घेतलीय. बायको पोराजवळ राहिली तर कोयता मोडतो. मग थोरल्या पोरीला संग न्यावं लागंल." ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एक माणूस कमी झाले की उचल फिटत नाही. म्हणजे भावाचे औषध आणि सातवीतल्या बहिणीची शाळा एकाच तराजूत पडली होती. दवाखान्याचा खर्च योजनेतून भागत होता. बुडणारी मजुरी कोणत्याही योजनेत बसत नव्हती.

मग गावातील वडीलधारी मंडळी व शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र बसले. वडिलांच्या जोडीला त्यांचा चुलतभाऊ गेला. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहात मुलीची सोय झाली. आई मुलाला घेऊन मुंबईला परतली. उपचार अजून चालू आहेत. प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी आमच्यापैकी कोणीतरी फोन करतो. पथ्य-अपथ्य केवळ अन्नाचे नसते. कुटुंबाला काय पेलेल व काय पेलणार नाही, हे जाणणे हेही त्यातच येते.

उरलेल्या तीन गुणांचे आदर्श आपल्याच मातीत आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले. मूल वाचले, सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. किळस आणि भय या दोहोंवर मैत्री मात करते ती अशी. संत गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली. रोगी खाटेवर असतो, पण त्याचे माणूस कोठे निजते, हा प्रश्न त्यांना पडला. त्याच बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आजाऱ्याच्या नातलगाला निवारा आणि विद्यार्थ्याला वसतिगृह, ही एकाच करुणेची दोन रूपे आहेत.

पाचवा गुण सर्वांत अवघड. धम्माचे बोलणे म्हणजे प्रवचन नव्हे. "सगळं ठीक होईल" असे खोटे आश्वासनही नव्हे. ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आई बोलत असताना ऐकून घेणे, तिने जेवण केले का हे विचारणे आणि पुढच्या रविवारी येतो म्हटले तर येणे, एवढे पाळले तरी मनाला उभारी मिळते, असा आमचा अनुभव आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच तालुक्यातील किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा ओळखदेख नसलेली माणसे दूरदूरहून आपल्या मदतीला धावली होती. ते ऋण ज्यांनी केले त्यांना परत देता येणार नाही; ते पुढच्या गरजवंतालाच द्यावे लागेल.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गावात दीर्घ आजाराचे मूल असलेले घर कोणते? त्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?

२. त्या मुलाच्या भावंडांच्या शाळेची चौकशी कोण करते?

३. पाच गुणांपैकी आपल्यात कोणता आहे आणि कोणता अजून शिकायचा आहे?