धातूवरील नाग : अलंकार, चलन आणि ओळख

सातवाहनांच्या अनेक नाण्यांवर कमानींचा डोंगर आणि त्याखाली वळणे घेत गेलेली रेषा दिसते. अभ्यासक ती बहुधा नदी मानतात; मराठी भाषा मात्र अशा रेषेला 'नागमोडी' म्हणते. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावातच नाग आहे. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर, नाणेघाटातील लेण्यात, तिच्याशी निगडित शिलालेख असून त्यात दान दिलेल्या कार्षापण नाण्यांची नोंद आहे. आपली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे त्याच कल्याणच्या परिसरातली. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी व एका लोहाराने वाट करून दिल्याचे कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील लेख सांगतात. धातू घडविणारे हात धम्माला आधार देणारेही होते.

बौद्ध परंपरेत नाग हा रक्षणकर्ता आहे. संबोधीनंतर सात दिवस पाऊस कोसळत असता मुचलिंद नागराजाने भगवान बुद्धांवर फणा धरला, अशी कथा आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज आपल्या राणीसह बसलेला आहे. त्याच्या मस्तकामागे फणे असले तरी देह माणसाचा आहे आणि त्यावर राजाचे अलंकार आहेत.

हेच चिन्ह दूरच्या पश्चिम आफ्रिकेतही भेटते. बुर्किना फासोमधील गान लोक नागाकृती पितळी अलंकार घडवीत. बेनिनच्या राजवाड्यावर धातूचे प्रचंड अजगर बसविलेले असत. तो राजवाडा इंग्रजी सैन्याने १८९७ साली लुटला. त्याच किनाऱ्यावर 'मनिला' नावाचे तांब्या-पितळेचे उघड्या टोकांचे कडे नाण्यासारखे चाले. युरोपीय व्यापाऱ्यांनी अशी कडी जहाजे भरभरून आणली आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. मनगटाला शोभणाऱ्या वस्तूने माणसाची किंमत ठरू लागली. नायजेरियात हे चलन १९४८-४९ मध्ये कायमचे बंद झाले.

धातू आणि दास्य यांचे हे नाते आपल्याला परके नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, गळ्यातील गळसऱ्यांचा भार आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या वा चांदीच्या गोठपाटल्या ही अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाकून द्या. आपल्या आज्या-पणज्यांपैकी अनेकींनी ती टाकली. जन्मभराची पुंजी अंगावर वागविणाऱ्या स्त्रीला हे सोपे नव्हते.

त्याच बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर निवडण्याचे कारण सांगताना, बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले. महाडला त्यांनी धातू उतरवायला सांगितला. नागपूरला नाव अभिमानाने धारण करायला शिकविले. या दोन उपदेशांत आम्हांला विसंगती दिसत नाही. दुसऱ्याने लादलेली खूण बेडी ठरते आणि समजून-उमजून स्वीकारलेली खूण वारसा ठरते.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी नागाची पूजा करावी असे आम्ही म्हणणार नाही. कान्हेरीला, अजिंठ्याला जावे. नाणे, कडे, शिल्प समोर आले की ते कोणी घडविले, कोणासाठी घडविले आणि त्याचे मोल कोणी चुकविले, हे विचारावे. असे विचारण्याची सवय लागावी, यासाठीच शाळा असते.