कुलसंमेलनात ऑर्केस्ट्रा ठेवताना

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून कोकणातली कुलसंमेलनं याच दिवसांत भरतात. हल्ली त्यात संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राची भर पडली आहे. आमच्या घराण्याने गेल्या खेपेला तो ठेवला. गाणारे चांगले होते. तरीही संध्याकाळ फुकट गेली, आणि त्याला कारण आवाजाची मांडणी.

साउंडवाल्याने दोन भलेमोठे बॉक्स स्टेजच्या दोन्ही अंगांना उभे केले. पहिल्या रांगेत मानाने बसवलेली म्हातारी माणसं. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या दोन आत्या एकमेकींशी हातवारे करून बोलत होत्या. आमच्या काकांनी तर श्रवणयंत्र काढून सरळ खिशात टाकलं. मागच्यांना मात्र शब्द कळत नव्हते, म्हणून ते ‘आवाज वाढवा’ म्हणून ओरडत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे पुढून कितीही वाढवला तरी हे भांडण मिटत नाही. त्यापेक्षा चार लहान बॉक्स मांडवभर पसरून बारीक आवाजात ठेवायला सांगा. सुपारी देतानाच सांगा. ऐनवेळी तारा पुरत नाहीत.

स्टेजचं तोंड पश्चिमेला नको. पाचचं ऊन वादकांच्या थेट अंगावर येतं. उन्हात बासरी चढते आणि पेटीचे सूर किंचित उतरतात, मग दोघांचं जमत नाही. तबलजी हातोडी घेऊन ठोकतच राहतो. बिचाऱ्यांना नावं ठेवू नका, सावली द्या.

जनरेटर मुदपाकखान्याजवळ ठेवला, तर आमच्यासारखा डिझेलच्या वासाचा मसालेभात खावा लागेल. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, तेव्हा जनरेटर मांडवाच्या पूर्वेला, लांब. अर्थिंग मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. सडा घातलेल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या गायिकेला माइकमधून झिणझिण्या आल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. वळवाचा काही नेम नसतो. मिक्सरसाठी वेगळी ताडपत्री हाताशी हवी.

लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तो रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावा लागतो. ‘आपलंच गाव आहे’ हे उत्तर पोलिसांना चालत नाही, शेजाऱ्यांनाही चालू नये.

माझं मत विचाराल तर पेटी, तबला, बासरी आणि घरातलेच दोघं-चौघं गाणारे पुरतात. ऑर्केस्ट्राच हवा असेल तर जरूर आणा. पण वंशावळीचं वाचन वाद्यं लावायच्या आधी उरकून घ्या, नंतर ते कुणी ऐकत नाही.