रेकॉर्डिंग अडखळत असेल तर

टॅली, एक्सेल किंवा शालेय गणित शिकविणारे अनेक जण आता आपले धडे संगणकावर रेकॉर्ड करून विकतात. त्याकरिता ओबीएस स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. परंतु दोन तास शिकवून झाल्यावर पाहावे तर आवाज ठीक आणि चित्र जागोजागी थबकलेले! मेहनत वाया जाते, गिऱ्हाइकाला दिलेली तारीखही हुकते. रेकॉर्डिंग चालू असताना खालच्या पट्टीवर ‘एनकोडिंग ओव्हरलोडेड’ अशी सूचना आलेली असते, पण शिकविण्याच्या भरात तिकडे लक्ष जात नाही.

पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दाबून लहान करण्याचे काम सहसा प्रोसेसरकडे असते. सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या तर एका फ्रेमला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. काम मागे पडत गेले की फ्रेमा गाळल्या जातात.

आता हिशेब पाहा. १९२० बाय १०८० आकार आणि ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके. १२८० बाय ७२० आणि ३० फ्रेम ठेवल्यास हेच २ कोटी ७६ लाखांवर येतात. मात्र आकार घटविण्याची घाई करू नये. हिशेबाच्या तक्त्यातील बारीक आकडे पुसट झाले तर धडा कोण विकत घेईल? म्हणून सेटिंग्जच्या व्हिडिओ भागात प्रथम एफपीएस ६० वरून ३० करावे. धड्याला तेवढे पुष्कळ झाले.

त्यानंतर आउटपुट भागात एनकोडर पाहावा. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास एनव्हेन्क, इंटेलच्या यंत्रात क्विक सिंक निवडता येते आणि प्रोसेसरचा बराच भार उतरतो. हे पर्याय दिसत नसतील तर एक्स२६४ ठेवून, ॲडव्हान्स्ड पद्धतीत ‘व्हेरीफास्ट’ऐवजी ‘सुपरफास्ट’ घ्यावे. चित्र किंचित भरड होते, एवढाच तोटा. काही जण बिटरेट उतरवतात. त्याने फाइल लहान होते, प्रोसेसरचा भार फारसा हलका होत नाही.

धडा सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटांची चाचणी घेऊन ‘स्टॅट्स’ची खिडकी उघडावी. तेथे एनकोडिंगमुळे गाळलेल्या फ्रेमांपुढे शून्य हवे. ‘रेंडरिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर दुखणे ग्राफिक्सचे आहे, गेम, ब्राउझर वगैरे बंद करावेत.

फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवावी. मध्येच वीज गेली तरी तोवरचे रेकॉर्डिंग सहसा वाचते, आणि नंतर फाइल मेनूतील ‘रीमक्स’ने त्याची एमपी४ करता येते.