आधी ओळख, मग तक्रार

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये सोसायटीचा सचिव म्हणून आणि पुढे पोलीस ठाण्याच्या दक्षता समितीत काम करताना जे हाती लागलं, ते या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

१. काही घडलेलं नसताना ठाण्यात जावं.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि आपण त्यात पोलीस ठाणंही धरतो. मग घरफोडी झाली की रात्री धावत जातो, तेव्हा तिथे आपल्याला कोणी ओळखत नसतं आणि आपल्या बीटला कोण आहे हे आपल्यालाही माहीत नसतं. कार्यकारिणी बदलली की नव्या मंडळींनी पहिल्याच महिन्यात बीट अंमलदाराला भेटून यावं. तातडीला ११२ आहेच. पण पत्ता सांगताना नोडचं, म्हणजे वाशी, नेरूळ अशा उपनगराचं, नाव आधी घ्यावं. सेक्टर १० वाशीत आहे, सानपाड्यात आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीतही आहे. सिडकोने प्रत्येक नोडला सेक्टरचे आकडे पहिल्यापासून दिले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून फक्त सेक्टर बाहेर पडतो. आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लावलेला आहे.

२. अंधाराची झळ पोलिसांना, दिवा मात्र पालिकेचा.
आमच्या मागच्या गल्लीत सोनसाखळी ओढण्याचे प्रकार होत होते. आम्ही गस्त वाढवा म्हणून पत्र दिलं, गस्त वाढली, आठवडाभर बरं गेलं. शेवटी बीटचे हवालदार म्हणाले, "काका, एकदा रात्री माझ्याबरोबर चालून बघा." पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या विद्युत विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांनाही गळ घातली आणि तिघं-चौघं जेवणं उरकून निघालो. दिवे सगळे चालू होते. पण सोनमोहोराच्या फांद्या दिव्यांच्या खाली पसरल्या होत्या, उजेड पानांवरच अडत होता आणि पदपथ काळाकुट्ट. त्यात दोन बेवारस मोटारी अशा उभ्या, की त्यांच्याआड मोटरसायकल लावून कोणी तासभर थांबलं तरी दिसू नये.

म्हणजे दुरुस्ती विद्युत विभागाची नव्हतीच. फांद्या उद्यान विभागाच्या. गाड्यांसाठी पालिकेने नोटीस चिकटवायची, त्या चोरीच्या आहेत का हे पोलिसांनी तपासायचं आणि मग उचलायच्या. एकाच गल्लीला चार दारं. प्रत्येक खांबावर क्रमांक असतो. तो टिपून, "खांब अमुक ते खांब तमुक, फांद्या छाटणे" असा अर्ज दिला. पोलीस ठाण्याचं पत्र सोबत जोडल्यावर तो अर्ज लवकर हलला. नुसतं "आमच्याकडे अंधार आहे" असं लिहिलेले आमचे आधीचे अर्ज कुठे गेले, कोण जाणे.

३. समितीच्या बैठकीत कोण बसलंय ते आधी बघावं.
सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सचिव एवढेच जमले, तर बोलणं फेरीवाले आणि झोपडपट्टी यांच्याभोवतीच फिरतं. करावे, दारावे, सारसोळे ही गावं सेक्टरांच्या आधीची आहेत. कोळीवाड्यातल्या काकूंना खाडीकडची वाट ठाऊक असते, रात्री उशिरापर्यंत गाडी लावणाऱ्या भजीवाल्याला कोण कुठे थांबतं ते दिसतं. त्यांना खुर्ची मिळाली पाहिजे.

यातला मोठा धडा आपल्याच ठाणे जिल्ह्यातला आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या. तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस एकत्र बसू लागले, आणि हे शांततेच्या दिवसांत सुरू झालं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपड्यांच्या पुस्तकाचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं आहे. त्यानंतर १९९४ मध्ये मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. आपली समिती गणपती आणि ईदच्या आदल्या आठवड्यातच बसत असेल, तर ती फार उशिरा बसते.

४. माहिती द्यावी, संशय पसरवू नये.
जुईनगरमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी भुयार खणून बँकेची लॉकर्स फोडली. त्यासाठी त्यांनी काही महिने आधी जवळचा गाळा भाड्याने घेतला होता. पुढे जनरल स्टोअर, आत खोदकाम. फ्लॅटच्या भाडेकरूंची माहिती आपण ठाण्याला कळवतो, खालच्या गाळ्यांकडे कोणी बघत नाही. तिथल्या भाडेकरूंचीही कळवावी.

मात्र एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं वेगळं आणि आडनाव किंवा धर्म बघून, किंवा एकटी राहणारी मुलगी आहे म्हणून घर नाकारणं वेगळं. "पोलिसांनीच सांगितलंय" असं खोटं कारण पुढे करणारे मी पाहिले आहेत. समितीतल्या माणसाने हे तिथल्या तिथे थांबवलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तीच मुलगी काही पाहिलं तरी सांगायला येणार नाही.

५. वही ठेवावी.
निरीक्षक बदलतात, हवालदारांच्या बदल्या होतात, विभाग अधिकारी बदलतात. मे २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. ज्यांची सगळी मदार नगरसेवकाच्या एका फोनवर होती, ते सेक्टर गप्प झाले. आमच्याकडे वही होती: तारीख, खांब क्रमांक, अर्जाचा आवक क्रमांक, कोणी काय सांगितलं. नव्या साहेबांसमोर ती उघडली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. काम झाल्याचीही नोंद करावी आणि ज्याने केलं त्याच्या वरिष्ठांना दोन ओळींचं पत्र धाडावं.

६. क्षेत्रसभा मागावी.
महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात तिची तरतूद केली. मतदारांनी आपल्या भागापुरतं एकत्र बसून कामं ठरवायची, अशी ती सोय आहे. तिथे विभाग अधिकारी आणि बीट अंमलदार शेजारी-शेजारी बसले, तर दुसऱ्या धड्यातली ती चार दारं एकाच खोलीत येतील. नव्या नगरसेवकांकडे आमची पहिली मागणी हीच असणार आहे, रस्त्याच्या डांबरीकरणाच्याही आधी.