तक्रारीतून जन्मलेली प्रार्थना

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाचा शब्दही नाही. तरीही देवाच्या लोकांनी ते आपल्या उपासनेत जपले. आपण मात्र दुःखिताचे बोलणे पुरे होण्याआधीच त्याला धीर देऊ लागतो. विलाप आणि नवे गीत यांचे नाते काय, याचा अभ्यास आपण थॉमस अँड्र्यू डॉर्सी या कृष्णवर्णीय अमेरिकन गीतकाराच्या जीवनावरून करू या.

नाकारलेले गीत

डॉर्सी यांचा जन्म १ जुलै १८९९ रोजी जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका येथे झाला. वडील बॅप्टिस्ट उपदेशक होते, तर आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. घरात स्तोत्रे होती आणि बाहेर ब्ल्यूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हालअपेष्टांतून उमटलेले लौकिक गाणे. तरुणपणी ते शिकागोला गेले आणि १९२४ मध्ये नामांकित ब्ल्यूज गायिका मा रेनी यांच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. १९२६ मध्ये त्यांना तीव्र मानसिक खिन्नतेने ग्रासले. त्या अंधारातून वाट काढताना, एका शेजाऱ्याच्या अकस्मात मृत्यूने हेलावून त्यांनी एक भक्तिगीत रचले.

उसने पैसे घेऊन त्यांनी त्या गीताच्या शेकडो प्रती मंडळ्यांना टपालाने पाठविल्या. परंतु दीर्घ काळ कोणाची मागणी आली नाही. शिकागोतील मोठ्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत तेव्हा युरोपीय धर्तीचे शिस्तबद्ध समूहगायन प्रतिष्ठेचे मानले जाई. डॉर्सी यांच्या चालींत ब्ल्यूजचा हुंदका आणि ठेका होता, म्हणून अनेक पाळकांना त्या दारूच्या गुत्त्याची आठवण करून देत. पोटासाठी ते पुन्हा ब्ल्यूजकडे वळले. १९२८ मध्ये टॅम्पा रेड या गायकासह केलेली त्यांची ध्वनिमुद्रिका अफाट खपली. बाजार त्यांना बोलावीत होता आणि चर्च त्यांना परत पाठवीत होते.

१९३० मध्ये शिकागोत भरलेल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांचे तेच गीत गाइले गेले आणि वारे फिरले. १९३२ मध्ये पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चने आपल्या सुवार्तागीतांच्या गायकवृंदाची धुरा त्यांच्यावर सोपविली.

मोडलेले अंतःकरण

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ते संजीवन सभेत गाण्यासाठी सेंट लुइसला गेले. पत्नी नेटी यांचे दिवस भरत आले होते. सभा चालू असतानाच तार आली: नेटी बाळंतपणात वारल्या. ते धावतपळत घरी परतले. बाळ जन्मले होते. पण पाठोपाठ तेही गेले. आई आणि मूल यांना एकाच शवपेटीत पुरण्यात आले.

पुढे काय घडले, ते डॉर्सी यांनी स्वतःच अनेकदा सांगितले. देवाने आपल्यावर अन्याय केला असे त्यांना वाटले. यापुढे सुवार्तागीत लिहायचे नाही, पुन्हा जॅझकडेच जायचे, असा विचार त्यांच्या मनात आला. काही दिवसांनी थिओडोर फ्राय या स्नेह्याच्या सोबतीने ते एका शांत खोलीत पियानोपाशी बसले. बोटे एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर फिरू लागली आणि तिच्यावर नवे शब्द आले. थकलेला मनुष्य प्रभूला आपला हात धरावयास विनवितो, एवढाच त्या शब्दांचा आशय आहे. मृत्यू का आला, याचे उत्तर त्या गीतात नाही. जुन्या स्तोत्राला तेथे ब्ल्यूजचा हुंदका भेटला. ज्या स्वरासाठी दारे बंद झाली होती, तोच प्रार्थनेला उपयोगी पडला.

हे गीत मार्टिन ल्यूथर किंग यांना अतिशय प्रिय होते. ४ एप्रिल १९६८ रोजी, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, त्या रात्रीच्या सभेत ते वाजवावे अशी विनंती त्यांनी एका वादकाला केली होती. त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी ते गाइले. डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, शिकागोत प्रभूमध्ये निजले.

आपल्यासाठी बोध

नेटींच्या मृत्यूचे प्रयोजन एक गीत निर्माण करणे हे होते, असे कृपया कोणी म्हणू नये. शोकग्रस्ताला असे सांगणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची री ओढणे होय. डॉर्सींचे जीवन एवढेच दाखविते की, प्रामाणिक तक्रार ही प्रार्थनेची शत्रू नव्हे. ज्याच्यावर रागावतो, त्याच्याशी बोलणे अजून चालू असते. नवे गीत त्याच बोलण्यातून उगवले.

दुसरा बोध मंडळीला आहे. एखाद्याची चाल आपल्या कानांना ओबडधोबड वाटली, म्हणून त्याची भक्तीही उणी ठरत नाही. आपण परत पाठविलेल्या प्रतींत उद्याच्या शोकाकुलांचे सांत्वन असू शकते.

मननासाठी प्रश्न

१. देवासमोर मी कोणती तक्रार अद्याप उच्चारलेली नाही?
२. आमच्या मंडळीत दुःखिताला रडण्यास किती अवकाश मिळतो?
३. आम्ही कोणाचे गाणे न ऐकताच नाकारले आहे?

या आठवड्यात ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि वाचून झाल्यावर त्याला आपला शेवट जोडण्याची घाई करू नये.